शरीराची स्थिति व नेत्रांतील दाब



हवा भरलेला चेंडू जसा आंतील दाबामुळें गोल राहतो, तसाच आपला डोळाहि. मात्र डोळ्यांत हवा नसून एक निर्मळ रस असतो. हा रस म्हणजे अश्रु नव्हेत. डोळ्याच्या रंगीत पडद्यामागें तो अखंड पाझरतो, बाहुलींतून पुढें येतो आणि पडद्याच्या कडेच्या सूक्ष्म जाळींतून शिरांना जाऊन मिळतो. आवक व निचरा यांचा मेळ असला म्हणजे नेत्रदाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो.

आतां या दाबाचा उठण्यानिजण्याशीं संबंध काय? आपण बसलों असतां डोळे हृदयाहून उंच असतात, व शिरांतील रक्त स्वतःच्या भारानें खालीं उतरतें. आडवें होतांच ही उंची नाहींशी होते. शिरांतील दाब वाढतो, आणि तुडुंब नदींत ओढ्याचें पाणी सहज शिरूं नये, तसा रसाचा निचरा अडखळतो. त्यामुळें निजल्यावर नेत्रदाब कांहीं मिलिमीटरांनीं चढतो. कुशीवर निजल्यास खालच्या डोळ्यांत तो बहुधा अधिक असतो. शीर्षासनांत तर तो सुमारें दुप्पट होतो, असें चेन्नई येथील नेत्रतज्ज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें. अधोमुख श्वानासन, हलासन यांतहि दाब वाढतो. सरळ बसल्यावर मात्र तो थोड्याच मिनिटांत उतरतो.

निरोगी डोळा ही चढउतार सोसतो. प्रश्न आहे तो काचबिंदूचा. या विकारांत दृष्टीची नस हळूहळू झिजते, कित्येकदां दाब सामान्य असूनहि. बहुधा वेदना होत नाहींत. प्रथम कडेची दृष्टि जाते, आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. दवाखान्यांत दाब बहुधा बसवून मोजतात. रात्रीं निजल्यावर चढलेला दाब त्या आंकड्यांत येत नाहीं.

यास्तव चाळिशी उलटलेल्यांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं आईवडिलांस वा भावंडांस काचबिंदू आहे त्यांनीं, नेत्र तपासून घ्यावेत; दाबाबरोबर नसेचीहि तपासणी करवावी. काचबिंदू असलेल्यांनीं मस्तक खालीं करण्याचीं आसनें डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नयेत, व नेमून दिलेले थेंब एकहि दिवस चुकवूं नयेत. यांत योगाभ्यासाचा अधिक्षेप नाहीं. बसून वा उभ्यानें करण्याजोगीं आसनें पुष्कळ आहेत. आपल्या डोळ्यांस मानवतील तींच निवडावींत.