खोली सोडली, अनामत कुणाची?

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून आमची पोरं लोणेऱ्याला, पनवेलला, पुण्याला शिकायला जातात. शासकीय वसतिगृहाची यादी लागेपर्यंत डोक्यावर छप्पर हवे, म्हणून बाप कर्ज काढून खासगी वसतिगृहाचे वर्षाचे पैसे भरतो. पुढे यादीत नाव लागते किंवा कॉलेज बदलते. पोरगा खोली सोडतो म्हणाला की मालक छापील कागद पुढे करतो : रक्कम परत मिळणार नाही. बाप गप्प! छापले म्हणजे तो कायदाच, ही समजूत आमच्या समाजात खोल रुतली आहे.

कायदा तसे म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ पाहा. करार मोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते; कागदावरचा दंडाचा आकडा ही तिची फक्त कमाल मर्यादा. नुकसानच झाले नसेल तर अनामत जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ खटल्यात स्पष्ट केले. आठ दिवसांत त्याच खाटेवर दुसरा विद्यार्थी आला, तर मालक बुडाला किती दिवसांनी?

अकरावीच्या सोळा वर्षांच्या मुलाची सही तर कुचकामीच. अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवले. म्हणून तर मालक बापाची सही घेतो. बापाने ती वाचून करावी, एवढे आम्ही बजावतो.

घरमालकाची खोली लिव्ह अँड लायसन्सवर घेतली असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ लागते. करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य, मालक उलट सिद्ध करीपर्यंत.

उलटही घडते. १९१७ साली बडोद्यात जात कळताच बाबासाहेबांना पारशी सराईतून बाहेर काढले गेले. आज पैसे घेऊन, विद्यार्थ्याचा दोष नसताना मालकाने मुदतीआधी हाकलले, तर सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६४ नुसार भरपाई मागता येते.

खोली सोडताना लेखी नोटीस द्या, किल्ली दिल्याची पोच घ्या, पैशाच्या पावत्या जपा. वसतिगृहवाला दाद देत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्याचे हेलपाटे नकोत, आपला आयोग अलिबागला. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.