चोवीसपट लहान, तितकीच हट्टी

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून पहिलंवहिलं मॉडेल करायला बसलेला माणूस बहुधा गाडीच निवडतो. लढाऊ विमानाच्या पंखाखाली काय काय लटकतं हे त्याला ठाऊक नसतं, रणगाड्याचा पट्टा कसा फिरतो तेही नसतं. पण गाडीचं दार, बंपर, स्टिअरिंग तो रोज पाहतो. ओळखीचं म्हणजे सोपं, असा त्याचा हिशेब असतो आणि तो साफ चुकतो. रणगाड्यावर चिखल फासता येतो. लढाऊ विमानाचा रंग बहुतेक वेळा मंदच असतो. दोन्हीकडे नवख्या हाताच्या खुणा खपून जातात. गाडीने मात्र शोरूममधून आत्ताच बाहेर पडल्यासारखं चकाकायचं असतं, आणि त्या चकाकीत बोटाचा ठसासुद्धा लपत नाही.

गाड्यांच्या किटमध्ये सर्वाधिक दिसतं ते १/२४ हे प्रमाण. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच. ३,३३५ मिलिमीटर लांबीची जुनी मारुती ८०० या मापात उतरवली, तर ती १४ सेंटिमीटरलाही मिलिमीटरभर कमी भरेल. अमेरिकेत मात्र १/२५ चा पगडा राहिला. मिशिगनमधल्या एएमटी कंपनीने १९५८ पासून त्या-त्या वर्षीच्या नव्या मोटारींची किट बाजारात आणली. एकाच खोक्यातून शोरूममधली, शर्यतीची किंवा स्वतःच्या मर्जीने सजवलेली अशा तीन तऱ्हांची गाडी करता यायची. अमेरिकी पोरांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली.

आज नवशिक्याच्या हाती येणारा खोका बऱ्याचदा जपानमधल्या शिझुओका भागातून आलेला असतो. टामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या साऱ्या कंपन्या त्याच परिसरातल्या. टामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या धंद्यातून झाली. पुढे लाकडी मॉडेल आली आणि १९६० मध्ये पहिलं प्लास्टिकचं मॉडेल आलं, ‘यामातो’ या युद्धनौकेचं. ते फारसं चाललं नाही. तपशिलाच्या वेडाबद्दल या कंपनीचं नाव का घेतात, हे पोर्शच्या किश्शावरून कळतं. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या १/१२ मापाच्या पोर्श ९३४ साठी फोटो आणि मोजमापं पुरेनात, म्हणून शुनसाकु टामिया यांनी खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती पार सुटी केली. पुन्हा जोडताना मात्र पोर्शच्या तंत्रज्ञांना बोलवावं लागलं. पहिलं किट जोडताना अडलेल्याने एवढं लक्षात ठेवलं तरी धीर येतो.

खोक्यात असतात काड्यांच्या चौकटी. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात सोडतात. ते ज्या वाटांनी वाहतं, त्या वाटांमधलं प्लास्टिक गार होऊन या काड्या तयार होतात. मॉडेलवाले त्यांना स्प्रू म्हणतात. प्रत्येक भाग एखाद्या चिमुकल्या मानेने काडीला जोडलेला असतो. तो हाताने मुरगळून तोडला की भागाचा लचकाही निघतो. निपर अगदी भागाला भिडवून चालवला, तर ताणामुळे तिथलं प्लास्टिक पांढरं पडतं. म्हणून आधी मान थोडी लांब ठेवून कापायची, उरलेला खुंट धारदार कटरने छाटायचा आणि मग बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. याच ओघात साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघही घासून काढायची. बॉडीवर ती हमखास असते, टपाच्या कडेने किंवा मडगार्डवरून गेलेली. प्लास्टिकवर ती जेमतेम दिसते, रंग चढल्यावर मात्र ओरडून सांगते.

गोंदाची गोष्ट गमतीची आहे. मॉडेलच्या पातळ सिमेंटमध्ये गोंदाचा चिकटपणा जवळजवळ नसतोच. टामियाच्या हिरव्या झाकणाच्या बाटलीत मुख्यतः ब्यूटाइल अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटोन असतं, आणि हे दोन्ही द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतात. दोन भाग एकमेकांना टेकवून फटीजवळ ब्रश नुसता लावला, की केशाकर्षणाने द्रव आत पळतो. दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ होऊन एकमेकांत मिसळतं, द्रव उडून जातो आणि मागे एकसंध सांधा राहतो. थोडक्यात, हे वेल्डिंगच. त्यामुळे रंगवलेल्या पृष्ठभागावर ते नीट धरत नाही. सांध्यापुरता रंग खरवडावा लागतो. चंदेरी मुलामा दिलेल्या बंपरचं आणि रिम्सचंही तसंच. खिडक्या खोलीच्या उघड्या असाव्यात, हे या बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं असतं.

घरात हाताशी असतं फेव्हिक्विक, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. धातूच्या बारीक तुकड्यांना ते चालतं. काचेजवळ नेलं तर घात करतं. त्याची वाफ पारदर्शक भागांवर बसते आणि गाडीची विंडशील्ड धुकं धरल्यासारखी पांढुरकी होते. खिडक्यांना साधा पांढरा फेव्हिकॉल पुरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि जास्तीचा आधीच ओल्या कापसाने पुसता येतो.

आता रंग. खरी परीक्षा इथेच असते, आणि माहितीपत्रक इथेच दगा देतं. त्यातल्या पायऱ्या साधारणपणे इंजिन, चासिस, आतल्या सीट आणि शेवटी बॉडी अशा जातात. अनुभवी माणूस बॉडीला पहिला हात घालतो, कारण तिलाच वाळायला सर्वाधिक वेळ लागतो; ती वाळत असताना सीट आणि चाकं होतात. आधी भांड्यांच्या साबणाने भाग धुवायचे, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा आणि हाताचा मेद जातो. मग प्राइमर. लाल प्लास्टिकवर पांढरा रंग द्यायचा असेल तर प्राइमर हवाच, एरवी आतला लाल वर झिरपून गुलाबी छटा येते.

मापाचं गणितही समजून घ्यावं असं आहे. खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरचा साधारण दहावा हिस्सा जाडी असते. मॉडेलवर तेवढाच थर बसला, तर चोवीसपटीने तो अडीच मिलिमीटरच्या आसपास जातो. खऱ्या गाडीवर कुणी अडीच मिलिमीटर रंग थापला तर दारांच्या फटी बुजतील. मॉडेलवर नेमकं तेच होतं. म्हणून स्प्रे कॅन २०-३० सेंटिमीटरवर धरून, हात सतत चालता ठेवून, पहिले थर अगदी भुरभुरते द्यायचे. शेवटचा तेवढा ओला. फार लांबून मारलं तर रंगाचे कण हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. जवळून मारलं तर ओघळ येतात. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवला, उकळत्या नव्हे, तर फवारा बारीक पडतो.

मुंबई-कोकणातल्या मॉडेलवाल्याला आणखी एक शत्रू असतो, पावसाळा. लॅकर रंगातला द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चकचकीत काळ्या गाडीवर दुधाळ पडदा येतो. जुलैत जोडकाम करावं, रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत द्यावा, हे इथलं शहाणपण. रंगाची चाचणी प्लास्टिकच्या चमच्यावर करायची जगभरची रीत आहे, कारण चमच्याचा बाक बॉडीसारखाच असतो. पण १ जुलै २०२२ पासून भारतात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक चमच्यांवर बंदी आहे. तेव्हा बॉडीची आतली बाजू आणि उरलेल्या काड्या यांवरच भागवावं लागतं.

रंग बिघडला तर? वाळू द्यायचा. ओल्या रंगाला बोट लावून दुरुस्ती करू पाहणारा दोन ओघळांचे चार करतो. पूर्ण वाळल्यावर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासायचं आणि पुन्हा फवारायचं. गॅरेजमधला पेंटर खऱ्या मडगार्डवर हेच करतो.

त्यानंतरचं काम त्यामानाने हलकं. नंबरप्लेट आणि कंपन्यांच्या खुणांची डिकल पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची. खिडक्यांच्या काळ्या कडांसाठी टामिया अलीकडच्या किटमध्ये मास्किंगचा कागदही देते. दिव्यांवर पारदर्शक लाल आणि नारिंगी रंगाचे ठिपके पडले, की गाडीला एकदम चेहरा येतो.

खर्चाचं मात्र हलकं नाही. भारताने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. प्रौढांच्या छंदाची ही मॉडेलही सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली बसतात. स्प्रे कॅन ज्वलनशील असल्याने टपालाने विमानातून येत नाहीत, आणि गाड्यांच्या दुकानातला स्प्रे प्राइमर न लावलेल्या प्लास्टिकला खाऊ शकतो.

म्हणून पहिल्या खेपेला इंजिन नसलेलं, बॉनेट न उघडणारं किट घ्यावं, आणि रंग पांढरा किंवा फिकट ठेवावा. काळा पहिल्यांदा कुणीच घेऊ नये. एवढाही जुगार नको असेल त्याच्यासाठी आओशिमाची १/३२ मापाची स्नॅप किट आहेत. त्यांचे भाग मूळ रंगातच येतात आणि गोंदाशिवाय खटकन बसतात. त्यात सुझुकी जिम्नीही आहे. फक्त ती तीन दारांची. २०२३ मध्ये मारुतीने भारतात आणलेली पाच दारांची नव्हे.