वाचलेला वेळ कुणाचा?

आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे काय सुचलं! ‘कर्मचाऱ्यांसाठी कॉन्सिअर्ज सेवा’. शब्द फ्रेंच आहे. मूळ अर्थ इमारतीचा राखणदार. पुढे मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांची सटरफटर कामं करून देणारा, असा त्याचा अर्थ रूढ झाला. आता काही कंपन्या हीच सोय आपल्या कर्मचाऱ्यांना देतात. विजेचं बिल भरणं, पासपोर्टचा अर्ज, धोब्याकडचे कपडे, गाडीचं सर्व्हिसिंग, आईची औषधं. एका खिडकीवर सांगायचं, की काम झालं.

आमची एक भाची मिहानमधल्या एका कंपनीत आहे. तिथे अशी खिडकी सुरू झाली तेव्हा ती खूश होती. सहा महिन्यांनी घरी आली नि म्हणाली, “मामा, सगळी कामं होतात हो, पण मी घरी पूर्वीपेक्षा उशिरा पोचते.” आम्ही विचारलं, “का गं?” तर म्हणे, “पूर्वी बिल भरायचंय, दवाखान्यात जायचंय, असं सांगून सहाला निघता यायचं. आता साहेब म्हणतात, ते तर खिडकीवर होतंय नं!”

हा आजचा प्रश्न आहे. सोयीमुळे वेळ वाचला हे खरं. पण तो गेला कुणाकडे?

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. कामगार खेड्यांतून आलेले, रोज नेमाने गिरणीत येण्याची सवय नसलेले. गैरहजेरी मोठी. जमशेदजींनी दंडाऐवजी दुसरी वाट धरली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसं दिली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देणं सुरू केलं. कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी हे झालं. ती गिरणी पुढे बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. पण गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या सोयींमागे माणुसकी होती आणि हिशेबही होता. आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. मालकाला फायदा झाला म्हणून कामगाराचं भलं खोटं ठरत नाही.

मात्र एक भेद करावा लागतो. सोय वेगळी आणि सवड वेगळी. सोय मालक देऊ शकतो. सवड बहुतेक वेळा मागून, भांडून घ्यावी लागली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती १८९० साली मिळाली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणला, म्हणजे त्याआधी काय असेल ते बघा. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा यायला १९४६ उजाडलं, आणि त्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रयत्न होते. १९४८ च्या कारखाना कायद्यात दोन्ही गोष्टी आल्या : २५० हून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, ५० हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर, आणि शिवाय तासांची मर्यादा. पाळणाघर दिलं म्हणून रात्रीपर्यंत थांबा, असं तो कायदा म्हणत नव्हता.

ॲरिस्टॉटलने म्हटलं आहे, की आपण काम करतो ते सवड मिळावी म्हणून. सवडीसाठी ग्रीकांचा शब्द ‘स्खोले’. ‘स्कूल’ हा शब्द त्यातूनच आला. विचार करायला, शिकायला, मित्रांशी बोलायला मोकळा वेळ. फार मोठी कल्पना आहे ही. पण अथेन्सच्या त्या मोकळ्या नागरिकाचं दळणकांडण, पाणीलाकूड कोण करत होतं? घरातल्या स्त्रिया आणि गुलाम. एकाची सवड दुसऱ्याच्या श्रमावर उभी होती, आणि एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञालाही त्यात वावगं वाटलं नाही.

त्याला नावं ठेवण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहतो. आम्ही पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होतो तेव्हा रॉकेल आणि रेशनच्या रांगेत सौ. उभी राहत होती. विभागातला शिपाई आमचं विजेचं बिल भरून यायचा, कधी मे महिन्याच्या उन्हात सायकलवर. तेव्हा कॉन्सिअर्ज हा शब्द नव्हता, सेवा मात्र होती. प्रबंधात आम्ही मार्गदर्शकांचे आभार मानले, ग्रंथपालांचे मानले. त्या शिपायाचं नाव त्यात नाही. प्रबंधाचा विषय होता ‘स्वातंत्र्य’. आज हे सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायला हवं.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. तेव्हा ‘काम आणि जीवन यांचा समतोल’ म्हणताना तराजू कुणाच्या हातात आहे, तेही पाहिलं पाहिजे. खिडकीवरची सेवा बाईचं ओझं थोडं उतरवते, हे आम्ही मान्य करतो. नवऱ्याने ते उचललं असतं तर खिडकीची गरज कमी पडली असती, हेही तितकंच खरं.

इथून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे दळणं, सफाई, स्वयंपाक हे ज्याचं त्याने करायचं, कारण गांधींच्या एकादशव्रतांत शरीरश्रम हे एक व्रत होतं. आम्ही सगळ्यांनी जातं ओढावं असं म्हणत नाही. पण त्या आश्रमाने एक गोष्ट शिकवली : घरचं प्रत्येक काम म्हणजे ओझं नव्हे. रांगेत उभं राहणं दुसऱ्याने केलं तर काही हरवत नाही. आईला दवाखान्यात नेणं दुसऱ्याने केलं तर हरवतं. औषध कुणीही आणावं. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकताना आईशेजारी आपणच असावं.

म्हणून अशी सेवा चांगली की वाईट, हे एका शब्दात सांगता येत नाही. तीन गोष्टी विचाराव्यात. वाचलेला तास कर्मचाऱ्याच्या घरी जातो, की पुन्हा कंपनीच्याच खात्यात? जो पोरगा मोटरसायकलवर ही कामं करत फिरतो, त्याला साप्ताहिक सुट्टी, विमा, आजारपणाची रजा आहे का? आणि जे काम आपण सोपवतो आहोत, ते खरंच सोपवण्यासारखं आहे का?

भाचीने पुढे काय केलं? खिडकी सोडली नाही. बिल अजून तिथेच भरते. पण मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला निघणार, असं तिने साहेबांना लिहून दिलं. कारण विचारलं, तर म्हणाली, “काही काम नाही, घरी जायचंय.” कुरकुर झाली, पण चाललं. आम्हाला ते उत्तर फार आवडलं. घरी जायला कामाचं निमित्त लागू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ या.