शासनाचा निधी आणि शासकीय साहाय्य : फरक कसा ओळखावा?

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके वसलेले आहेत. भात हे येथील मुख्य पीक. शहापूर तालुका संपूर्ण, तर मुरबाड तालुक्याचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. साहजिकच शासनाचा पैसा येथे अनेक वाटांनी येतो. शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत येतो, जिल्हा परिषदेमार्फत येतो, सहकार खात्यामार्फत येतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी थेट देण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांना मिळणाऱ्या सवलतींचाही याच हिशेबात विचार करावा लागतो.

या सगळ्याला बोलण्यात ‘सरकारी पैसा’ हे एकच नाव आहे आणि बहुतेक घोटाळा या एका नावानेच होतो. एखादा पंचायत सदस्य गावातील सोसायटीकडे भातखरेदीचा हिशेब मागतो. चिटणीस सांगतात, “आमची संस्था सभासदांची आहे, सरकारी नव्हे.” पुढे कसली तरी माफी मागण्याची वेळ आली की तीच संस्था अर्जात लिहिते, “संस्था शासनाच्या भागभांडवलावर चालत असून…” दोन्ही विधाने एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत, पण दोन्हींत थोडे थोडे सत्य असू शकते. ते किती, हे कसे ठरवावयाचे याचा विचार येथे करावयाचा आहे. हिशेब मागण्याचा नागरिकाचा हक्क, संस्थेची स्वायत्तता आणि प्रसंगी मुख्याध्यापकाची किंवा चिटणिसाची जबाबदारी या निर्णयावर अवलंबून असते.

कोणत्या कायद्यापुरते?

‘शासकीय साहाय्य’ या शब्दाला सर्व कायद्यांत मिळून एकच अर्थ नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘हे साहाय्य आहे काय’ असा न विचारता ‘कोणत्या कायद्यापुरते साहाय्य’ असा विचारला पाहिजे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात संस्थांना राज्याकडून मिळणाऱ्या साहाय्यावर पाचवे प्रकरण स्वतंत्रपणे आहे. कलम ५० अन्वये राज्य शासन मर्यादित जबाबदारीच्या संस्थेचे भाग थेट विकत घेऊ शकते. कलम ६२ मध्ये साहाय्याचे इतर प्रकार आहेत : कर्जे व आगाऊ रकमा, कर्जरोख्यांच्या अथवा कर्जांच्या परतफेडीची हमी, भागभांडवलाची व त्यावरील लाभांशाची हमी, आणि अर्थसाहाय्यासह इतर कोणतीही आर्थिक मदत. यातील हमीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. हमी देताना तिजोरीतून एक पैही बाहेर पडत नाही. तरीही कायदा तिला साहाय्यच मानतो, कारण तिच्या आधारावर संस्थेला एरवी न मिळणारे कर्ज मिळते.

लेखापरीक्षणाचा कायदा वेगळ्या मापाने मोजतो. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्यासंबंधीच्या १९७१ च्या अधिनियमातील कलम १४ प्रमाणे एखाद्या संस्थेला वर्षात मिळालेले अनुदान किंवा कर्ज २५ लाख रुपयांहून कमी नसेल आणि संस्थेच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहूनही कमी नसेल, तर ती संस्था शासनाच्या निधीवर भरीव प्रमाणात चालते असे समजून तिचे हिशेब महालेखापरीक्षक तपासतात. समजा, एका अनुदानित आश्रमशाळेचा वर्षाचा खर्च ८० लाख असून अनुदान ६२ लाख आहे. हे प्रमाण साडेसत्त्याहत्तर टक्के होते. शाळा या कसोटीत बसते. अनुदान ३० लाखच असेल तर बसत नाही. म्हणून ती शाळा ‘विनाअनुदानित’ ठरते काय? मुळीच नाही. शिक्षण खात्याच्या दृष्टीने ती अनुदानितच राहते. राज्यघटनेचा अनुच्छेद २९ तर रकमेचे मापच लावीत नाही. राज्याच्या निधीतून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही, मग साहाय्य थोडे असो वा फार.

पैसा कशाच्या बदल्यात?

दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. पैसा दिला गेला तो कशाच्या बदल्यात?

भाताचेच उदाहरण घेऊ. या भागात आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था आधारभूत किमतीने भात खरेदी करतात. २०२४-२५ च्या हंगामात सर्वसाधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. ही किंमत शेतकऱ्याला मिळते तेव्हा तो शासनाचे दान घेत नसतो. त्याने भात दिलेला असतो. खरेदीचे काम करणाऱ्या संस्थेस जे कमिशन मिळते तेही साहाय्य नव्हे, कामाचा मोबदला आहे. तो वेळेवर न मिळाल्यास संस्था थकबाकी म्हणून मागू शकते. उपकार म्हणून मागण्याचे कारण नाही. याउलट २०२३-२४ च्या हंगामात नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जी प्रोत्साहनपर राशी जाहीर झाली, ती प्रत्यक्ष विक्रीवर अवलंबून नव्हती. ते शुद्ध साहाय्य, आणि तेही शेतकऱ्याला. खरेदी करणाऱ्या संस्थेला नव्हे. एकाच खरेदी केंद्राभोवती फिरणाऱ्या तीन रकमा आणि तिन्हींचे स्वरूप निरनिराळे!

खावटीचा इतिहासही बोलका आहे. पावसाळ्यात आदिवासी कुटुंबांची उपासमार होऊ नये यासाठी पूर्वी खावटी ‘कर्ज’ दिले जाई. २०२० मध्ये त्याचे खावटी ‘अनुदान’ झाले : कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे वस्तुरूपाने व निम्मे रोख. घरात धान्य तेवढेच आले असेल, पण हिशेबाच्या दृष्टीने वस्तू बदलली. कर्ज वसूल होते किंवा माफ होते. अनुदानाला केवळ योग्य विनियोगाचा प्रश्न विचारता येतो.

हीच कसोटी एस. टी.ला लावून पाहू. मुरबाड किंवा शहापूर आगाराच्या गाडीत ७५ वर्षांवरील वृद्ध ऑगस्ट २०२२ पासून विनातिकीट प्रवास करतात आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे पडते. उरलेल्या भाड्याची प्रतिपूर्ती राज्य शासन महामंडळास करते. ही महामंडळाला मदत म्हणावी काय? युरोपात याच प्रश्नावर एक प्रसिद्ध निकाल झाला. जर्मनीतील श्टेंडाल जिल्ह्यात बसगाड्या चालविणाऱ्या आल्टमार्क या कंपनीला सरकारकडून मिळणाऱ्या रकमेबद्दल वाद होऊन युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले की सार्वजनिक सेवेचे बंधन स्पष्टपणे घालून दिलेले असेल, भरपाईचे सूत्र आधीच ठरले असेल, ती खर्चापेक्षा व वाजवी नफ्यापेक्षा अधिक नसेल आणि सेवा देणाऱ्याची निवड खुल्या स्पर्धेने झालेली असेल (किंवा सुव्यवस्थित संस्थेला येणारा खर्च हेच माप धरलेले असेल), तर तिला राज्याचे साहाय्य म्हणता येणार नाही. तेथील कायदा आपल्याला लागू नाही. पण हा विचार मुरबाडच्या एस. टी. स्थानकावर उभ्या असलेल्या कोणालाही पटावा असा आहे. जितक्या सवलतीच्या प्रवाशांची ने-आण, तितकीच भरपाई असेल तर ते भाडे. त्याहून अधिक रक्कम महामंडळाचा तोटा भरून काढण्यासाठी दिली, तर तेवढ्यापुरते साहाय्य.

शिक्षकांना याचे जवळचे उदाहरण २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमात सापडेल. विनाअनुदानित शाळा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना २५ टक्के जागा देते आणि शासन तिला प्रत्येक मुलामागे ठरलेल्या मर्यादेत खर्चाची प्रतिपूर्ती करते. पैसा शासनाचा, तरी शाळा विनाअनुदानितच राहते. आदिवासी विद्यार्थ्यांना नामांकित निवासी शाळांत शिकविण्याच्या योजनेत शासन भरते ते शुल्कही याच जातीचे. मात्र या कायद्याने एक पाचर मारून ठेवली आहे. शाळेने पूर्वी जमीन, इमारत किंवा साधने फुकट अथवा सवलतीने घेऊन त्याबदली काही मुलांना मोफत शिकविण्याचे बंधन पत्करले असेल, तर तेवढ्यापुरती प्रतिपूर्ती मिळत नाही. घेतलेल्याचा मोबदला पुन्हा घेता येत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

सवलत आणि जमीन

तिजोरीत यावयाचा पैसा न घेणे हाही खर्चच असतो. राज्यात १९६४ पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे; तिचे स्वरूप वेळोवेळी बदलले, पण मुंबई-पुण्याच्या गर्दीबाहेर कारखाने जावेत यासाठी करात व शुल्कात सूट देणे हा तिचा गाभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या करारात शासनाने सोडून दिलेला महसूल हा अर्थसाहाय्यात धरलेला आहे. त्याच करारात सर्वसाधारण पायाभूत सुविधा मात्र वगळल्या आहेत. म्हणजे एखाद्या कारखान्याला मिळालेली करमाफी साहाय्य. पण ज्या रस्त्याने कारखान्याचा ट्रक, शेतकऱ्याची बैलगाडी आणि शाळेची मुले सर्वच जातात तो कल्याण-मुरबाड रस्ता कोणाएकाचे साहाय्य नव्हे. गावातील नळपाणी योजनेचेही तसेच. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारास निविदेच्या दराने मिळालेले देयक हे तर सरळ कामाचे दाम.

जमिनीच्या बाबतीत गावोगाव दुर्लक्ष होते. ग्रामपंचायत एखाद्या मंडळाला, शिक्षणसंस्थेला जागा वापरावयास देते; पैसा दिलेला नसल्यामुळे त्याची किंमत कोणी धरीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डी. ए. व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात १७ सप्टेंबर २०१९ रोजी जो निर्णय दिला त्यात मोफत किंवा मोठ्या सवलतीने दिलेल्या जमिनीचे मूल्य हाही भरीव वित्तपुरवठा ठरू शकतो असे म्हटले आहे. शासनाचा वाटा निम्म्याहून अधिक असलाच पाहिजे असे नाही, हेही त्याच निर्णयात स्पष्ट झाले.

सोसायटीला माहिती विचारता येते काय?

आता पुन्हा आपल्या चिटणिसांकडे वळू. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा शासनाने भरीव वित्तपुरवठा केलेल्या संस्थांना लागू आहे. सहकारी संस्था यात येतात काय, हा प्रश्न केरळमधील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ७ ऑक्टोबर २०१३ च्या निर्णयाचा आशय असा : निबंधकाची देखरेख आहे एवढ्याने संस्था शासनाच्या नियंत्रणाखालील ठरत नाही. अनुदान, सूट, सवलत मिळते एवढ्यानेही भरीव वित्तपुरवठा सिद्ध होत नाही. संस्था जवळजवळ त्या पैशावरच चालते आणि तो थांबला तर तिला तग धरणे कठीण जाईल, अशी स्थिती दाखवावी लागते. आणि ती दाखविण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर आहे.

यावरून चिटणीस जिंकले असे वाटेल. पण त्याच निर्णयाचा दुसरा भाग फारसा वाचला जात नाही. सहकारी संस्थांचा निबंधक हा सार्वजनिक प्राधिकारी आहे आणि जी माहिती तो कायद्याने संस्थेकडून मागवू शकतो, ती त्याने कायद्यातील अपवाद सांभाळून अर्जदाराला दिली पाहिजे. म्हणून पंचायत सदस्याने संस्थेच्या दारात वाद घालीत बसण्यापेक्षा तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करावा. खरेदी महामंडळासाठी झाली असेल तर महामंडळाकडेही करावा, कारण भाताचा साठा संस्थेचा नसून ज्यांच्यासाठी खरेदी झाली त्यांचा असतो. माहिती ३० दिवसांत मिळावी लागते. न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

आणि संस्थेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगावयास हवी. शासनाने घेतलेले भाग हे पुष्कळ वेळा ठरावीक मुदतीने परत करावयाचे असतात. ते परत केलेल्या, सभासदांच्या ठेवींवर उभ्या असलेल्या संस्थेला केवळ फलकावरील जुन्या मजकुरावरून ‘सरकारी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

कागद कोणता पाहावा?

अर्ज करण्यापूर्वी मंजुरीचा शासन निर्णय मिळवावा. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा ते दिलेले असते आणि पुष्कळ वाचक नेमका हाच परिच्छेद सोडून देतात. तेथे ‘३१, सहायक अनुदाने (वेतनेतर)’ किंवा ‘३६, सहायक अनुदाने (वेतन)’ असेल तर शासनाने ती रक्कम संस्थेला साहाय्य म्हणून दिली आहे. ‘३३, अर्थसाहाय्य’ असेल तर लाभ अखेर कोणाला पोहोचावयाचा ते योजनेच्या अटींत पाहावे. ‘५३, मोठी बांधकामे’ असेल तर उभी राहणारी मालमत्ता सामान्यतः शासनाचीच. ‘५४, गुंतवणुका’ म्हणजे भागभांडवल, आणि ‘५५, कर्जे व आगाऊ रकमा’ म्हणजे परत यावयाचा पैसा. त्यानंतर संस्थेच्या ताळेबंदात तीच रक्कम कोणत्या बाजूला व कोणत्या नावाने दाखविली आहे ते ताडून पाहावे. शासन निर्णयात अनुदान आणि ताळेबंदात ‘सेवा उत्पन्न’ असे आढळले, तर उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाले आहे काय, हा पुढचा प्रश्न संबंधित कार्यालयाला लेखी विचारावा.