एक वेस, अनेक गावे

मंडळी, जकातनाका तुमच्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. शहराच्या तोंडाशी गाडी थांबायची, पोती मोजली जायची, पावती फाटायची आणि मगच माल आत जायचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचीही जकात संपली. शहराच्या वेशीवर होती तशीच जकात देशाच्या वेशीवरही असते. तिला सीमाशुल्क म्हणतात, आणि ती मात्र सर्वत्र चालू आहे. अनेक देश मिळून एकच वेस बांधतात तेव्हा काय होते, आणि त्या वेशीत येऊ पाहणाऱ्या नव्या देशाला काय करावे लागते, एवढेच आज पाहू.

असे समजा, पाच गावांनी ठरवले की आपापसांत नाका नको. ठराव सोपा आहे. पण बाहेरून येणाऱ्या गुळावर एक गाव ढेपेमागे दहा रुपये घेते आणि दुसरे दोनच. मग व्यापारी कुठून शिरेल? दोन रुपयेवाल्या गावातून! तिथून गूळ बिनबोभाट पाचही गावांत पसरेल आणि दहा रुपयेवाल्याचा नाका असून नसल्यासारखा होईल. म्हणून आतले नाके काढायचे तर बाहेरच्या सगळ्या नाक्यांवर दर एकच हवा. यालाच जकातसंघ म्हणतात.

युरोपातल्या सहा देशांनी असा जकातसंघ १ जुलै १९६८ रोजी पुरा केला. आज युरोपीय संघात २७ देश आहेत. परदेशी मालाची जकात हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरात एकदा भरली, की तो जर्मनीत न्या नाहीतर इटलीत न्या, पुन्हा जकात नाही.

या संघात येऊ इच्छिणाऱ्या देशाला आपले दरपत्रक बाजूला ठेवून संघाचे दरपत्रक घ्यावे लागते. मालाची वर्गवारी, किंमत ठरवण्याची रीत, नाक्यावरची कागदपत्रे, सारे संघासारखे करावे लागते. आणि इतर देशांशी केलेले स्वतःचे व्यापारी करार सोडावे लागतात, कारण बाहेरच्यांशी बोलणी करतो तो संघ, एकेकटा सभासद नव्हे. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी सभासद झाला, तेव्हा शेजाऱ्यांबरोबरच्या मध्य युरोपीय मुक्त व्यापार करारातून त्याला बाहेर पडावे लागले.

तुर्कस्तानची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती आपल्यापर्यंत येऊन पोचते. १९६३ साली अंकारा येथे त्याने युरोपशी करार केला. ३१ डिसेंबर १९९५ पासून दोघांचा जकातसंघ सुरू झाला. कारखान्याचा माल त्यात आला. धान्य, फळे, भाजीपाला असा शेतमाल बाहेर राहिला. सभासदत्वाचा उमेदवार म्हणून तुर्कस्तानला मान्यता मिळाली ती डिसेंबर १९९९ मध्ये. म्हणजे नियम आधी आले, उमेदवारी मागून!

आता आपला संबंध पाहा. भारतातून येणाऱ्या कापडावर युरोपने तेव्हा कोटा लावला होता, म्हणजे वर्षाला अमुक इतकाच माल. तुर्कस्ताननेही युरोपशी जुळवून घेण्यासाठी १ जानेवारी १९९६ पासून भारताच्या कापड व कपड्यांच्या १९ प्रकारांवर मर्यादा घातली. त्याचे म्हणणे असे: आम्ही दार उघडे ठेवले तर भारतीय कापड आमच्याकडून मागल्या दाराने युरोपात जाईल. मग युरोप आमचेच कापड संघाबाहेर ठेवील, आणि युरोपला जाणाऱ्या आमच्या मालात सुमारे ४० टक्के वाटा त्याचाच आहे.

भारताचे म्हणणे सरळ होते. तुम्ही दोघे खुशाल घरोबा करा, पण आमची चालती वाट का बुजवता? कापसाच्या शेतापासून सूतगिरणी, माग आणि शिलाईच्या यंत्रापर्यंत किती हात या धंद्यावर जगतात, हे इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना सांगायला नको.

भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. ३१ मे १९९९ रोजी निवाडा भारताच्या बाजूने लागला, आणि २२ ऑक्टोबर १९९९ रोजी अपिलातही तो टिकला. अपील मंडळाने सांगितले ते असे: संघ करण्यासाठी एखादा नियम मोडावाच लागतो असे ज्याचे म्हणणे, त्याने दाखवून द्यावे की त्यावाचून संघ उभाच राहिला नसता. इथे दुसरा उपाय होता. कापड कुठे तयार झाले याचा दाखला नाक्यावर पाहिला असता, तर तुर्की कापड कोणते आणि भारतीय कोणते हे युरोपला ओळखता आले असते. २००१ साली दोन्ही देशांनी समझोता करून वाद मिटवला.

पण तुर्कस्तानची अडचणही खरी आहे, बरं का! दर युरोप ठरवणार आणि पाळायचे तुर्कस्तानने, पण ठरवण्याच्या बैठकीत त्याला मत नाही. युरोपचा दक्षिण कोरियाशी करार १ जुलै २०११ पासून लागू झाला, तेव्हा कोरियाचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात येण्याची वाट मोकळी झाली. तुर्की मालाला मात्र कोरियात तशी सवलत नव्हती. त्यासाठी वेगळी बोलणी करावी लागली आणि तो करार मे २०१३ मध्ये अमलात आला. सभासदत्वाची वाटाघाट २००५ साली सुरू झाली, पण सायप्रसच्या जहाजांना बंदरे खुली करण्यावरून २००६ मध्ये तिचे आठ विषय अडवले गेले. त्यांत जकातसंघाचाही विषय होता.

शिक्षकांनी हा धडा फळ्यावर पाच गावे काढून शिकवून पाहावा. मुलांना दोन प्रश्न विचारावेत: सहाव्या गावाने पंचायतीत जागा मिळण्याआधी पाचांचे दर पाळावेत का? आणि तसे करताना सातव्या गावाच्या बाजारवाटेचे काय? तुर्कस्तान आणि भारत यांचा वाद नेमका याच दोन प्रश्नांतून उभा राहिला होता.