‘जशास तसे’ कुणी सांगितले, कुणासाठी?

भांडण पेटले की ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हा इंग्रजीतून आलेला वाक्प्रचार सूड घेण्याचा परवाना म्हणून वापरला जातो. मुळात तो कायदा होता. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात हे कलम आहे आणि बायबलच्या जुन्या करारातही. शिक्षा नुकसानीपेक्षा मोठी नको, आणि ती न्यायाधीशाने ठरवायची. डोळा गमावलेल्याने नव्हे. हम्मुराबीकडे हा न्याय सर्वांना सारखा मात्र नव्हता. बड्याचा डोळा फोडला तर डोळा जाई. सामान्याचा फोडला तर अर्धा किलोच्या आसपास चांदी देऊन सुटका होई.

‘अशाने सारे जग आंधळे होईल’ हे वाक्य गांधीजींच्या नावावर चालते. त्यांच्या लेखनात वा भाषणांत ते कुणाला दाखवता आलेले नाही. त्यांचे चरित्रकार लुई फिशर यांनी गांधींची भूमिका मांडताना तशा आशयाचे लिहिले. जळगावात जैन हिल्सवर गांधी तीर्थ उभे असताना आपल्याकडच्या फलकांवर तरी हे वाक्य त्यांच्या सहीने झळकू नये.

आपला सर्वांत मोठा गैरसमज समर्थांबद्दल आहे. रामदासांनी ‘जशास तसे’ वागायला सांगितले, हे कुठल्याही सभेत ऐकू येते. हा उपदेश दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातल्या नवव्या, राजकारणावरच्या समासातला. तिथे उद्धटासमोर उद्धट उभा करायला सांगितले आहे, हे खरे. पण स्वतः उद्धट व्हायला नाही. तुल्यबळ माणसे आपसात भिडतात आणि हे घडवून आणणारा धनी कुणाच्या नजरेस पडत नाही, असे ते चित्र आहे. दासबोधातच आधी, अकराव्या दशकातल्या पाचव्या समासात, समर्थ बजावतात की राजकारण खुशाल करावे, ते कळू देऊ नये, पण मनात दुसऱ्याला पीडा देण्याचा हेतू नसावा. ही अट सभांमधून गळते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

खानदेशाने तरी ती विसरू नये. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगावच्या मठातली कल्याणस्वामींच्या हातची पोथी मिळवून 1905 मध्ये दासबोध छापला. त्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने जमवलेली रामदासी बाडे आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. चौकात कुणी अपमान केला म्हणून समर्थांचे नाव घेत हात उगारणारा माणूस त्या समासातला धनी नसतो. धन्याने पुढे केलेल्या उद्धटांपैकी तो एक असतो.