लोकल, कंपनीचा की डुप्लिकेट? : कुहीच्या ट्रॅक्टरांचा ऑइल फिल्टर

दिवाळीच्या आगेमागे कुही तालुक्यात हलका धान कापणीला येतो आणि स्पेअर पार्टच्या दुकानांत ऑइल फिल्टरची विचारपूस वाढते. चिखलणीपासून ट्रॅक्टरला उसंत नसते. रोवणी आटोपली की सोयाबीनची मळणी, मग धानाची चुरणी, पाठोपाठ हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर आणि कापसाच्या ट्रॉल्या. मोबिल, म्हणजे इंजिन ऑइल, बदलायचं राहून गेलेलं असतं. काउंटरवरचा प्रश्न ठरलेला असतो : “भाऊ, लोकल देऊ का कंपनीचा?” दोन डब्यांत फरक शंभर-दीडशे रुपयांचा. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक घुटमळतं, आणि त्याचं घुटमळणं मला तरी रास्त वाटतं. कारण ‘लोकल’ आणि ‘कंपनीचा’ या दोन शब्दांमागे चार तऱ्हेचा माल लपलेला असतो, आणि त्यातला कोणता आपल्या हातात आला हे डब्याच्या रंगावरून कळत नाही.

कुही नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. एका अंगाला उमरेड, दुसऱ्या अंगाला मौदा, आणि पूर्वेला अंभोऱ्यापाशी वैनगंगा. मांढळचा बाजार आणि मिरचीचे सातरे (मिरची खुडायच्या जागा) ही तालुक्याची ओळख. इथून नागभीडकडे जाणारी नॅरोगेज गाडी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. स्पेअर पार्ट तर आधीपासूनच रस्त्याने येतात. गंमत अशी, की महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना नागपूरच्याच हिंगणा एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टर जिथे जुळतो तिथून कुही दोनेक तासांवर, तरी त्याच ट्रॅक्टरचा फिल्टर घेताना इथल्या शेतकऱ्याला दुकानदाराच्या शब्दावरच विसंबावं लागतं.

या भागातली धूळही साधी नाही. थ्रेशर चालतो तेव्हा ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास घुमतो आणि तुसाचा धुरळा त्याच्याच तोंडावर येतो. धानाच्या तुसात वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के सिलिका असते. वाळूतही मुख्यतः तीच. ही धूळ इंजिनात शिरली की तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते. क्रँकच्या बेअरिंग शेलवरचा धातूचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. क्रँक आणि शेल यांच्यामधली तेलाची फिल्म काही मायक्रॉनांची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. फिल्मपेक्षा थोडा मोठा कण तिच्यात अडकला की तो शेल खरवडतो, आणि त्या खरवडण्यातून धातूचे नवे कण तेलात उतरतात.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांना फिल्टर नसायचाच. फोर्डच्या मॉडेल टीला नव्हता. तेल वरचेवर बदला, एवढाच उपाय. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी 1923 साली मोटारीसाठी ‘पुरोलेटर’ नावाचा फिल्टर तयार केला आणि पुढच्याच वर्षी क्रायस्लरच्या गाडीत तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला. त्या काळच्या फिल्टरमधून तेलाचा थोडाच भाग जाई, बाकीचं तसंच फिरे. पंपाचं सगळं तेल आधी फिल्टरमधून आणि मग बेअरिंगकडे, ही आजची रचना नंतरची. पेचासारखा फिरवून बसवायचा बंद डबा आला 1950च्या दशकात. त्याआधी धातूच्या वाटीत नुसतं कागदी काडतूस बसे, मधोमध एक लांब बोल्ट. जुने ट्रॅक्टर अजून त्याच वाटीवर चालताना दिसतात, आणि काडतूस स्वस्त पडतं म्हणून मालक खूशही असतात. त्यात चूक काही नाही. फक्त दर वेळी वाटीचा रबरी वायसर बदलला पाहिजे.

बंद डबा मात्र आत काय आहे हे दाखवत नाही. म्हणून वापरून झालेला फिल्टर एकदा तरी कापून बघावा. हॅकसॉने कापला तर लोखंडाचा कीस कागदावर पडतो आणि तो इंजिनातला की करवतीचा हे ओळखू येत नाही. बरे मिस्त्री पत्रा कापायचा गोल कटर काठावर फिरवतात. वरची चकती निघाली की आधी दिसतो रबरी वायसर आणि जाड बैठक. बैठकीला भोवताली तेल आत जायची लहान भोकं आणि मधोमध आटे पाडलेलं मोठं भोक. बैठकीखाली रबराची पातळ झडप. मग कागदाच्या चुण्या, त्यांना आतून आधार देणारी भोकांची नळी, तळाशी स्प्रिंग आणि कुठेतरी बायपास वाल्व. एवढाच ऐवज. सगळा फरक या सहा-सात वस्तूंत पडतो.

कागदापासून सुरुवात करू. हा साधा कागद नसतो. त्यात फिनॉलिक रेझिन मुरवून तो भट्टीतून काढलेला असतो, म्हणून गरम तेलातही ताठ राहतो. चुण्या मोजाव्यात, मग कागद उलगडून मापावा. एकाच मापाच्या दोन डब्यांत एकाचा कागद दुसऱ्यापेक्षा बराच कमी भरू शकतो. कागद कमी म्हणजे घाण धरायची जागा कमी. फिल्टर लवकर तुंबतो. चुण्यांची टोकं जिथे जुळवलेली असतात ती शिवणही पाहावी. तिथे फट राहिली तर तेल कागदातून न जाता फटीतून सरळ पुढे जातं, आणि मग कागद कितीही उत्तम असला तरी उपयोग शून्य. पुष्कळजण फिल्टर हातात तोलून पाहतात, जड तो चांगला. हा अंदाज अर्धाच खरा आहे. जाड पत्र्यानेही वजन वाढतं आणि पत्रा काही तेल गाळत नाही.

बायपास वाल्वचं काम चमत्कारिक आहे : गरज पडली तर न गाळलेलं तेल जाऊ देणं. कागद तुंबला, किंवा जानेवारीच्या पहाटे तेल घट्ट झालं, की दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. तो साधारण एक बारच्या आसपास गेला की वाल्व उघडतो, कारण बेअरिंगला घाण तेल मिळणं परवडतं, तेलच न मिळणं परवडत नाही. हलक्या मालात याची स्प्रिंग ढिली असते. वाल्व लवकर उघडतो किंवा पुरता बंदच होत नाही आणि तेल कायम बगलेतून निघून जातं. बाहेर कशाचाही पत्ता लागत नाही; गेजवर दाब ठीक, आवाज ठीक. काही इंजिनांत हा वाल्व ब्लॉकमध्येच असतो, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये तो नसतो. तेव्हा आटे जुळले, वायसर बसला म्हणजे फिल्टर जुळला असं समजू नये. पार्ट नंबर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी ताडून घ्यावा.

तिसरी वस्तू ती रबरी झडप. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल खाली चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती असते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ती हवीच. तोंड वर करून उभा बसत असेल तर तिच्यावाचून फारसं अडत नाही. नायट्राइल रबर उष्णतेने हळूहळू कडक होतं, सिलिकॉन जास्त टिकतं. ही झडप गेली की सकाळी स्टार्टर मारल्यावर क्षणभर खडखड ऐकू येते आणि दाबाचा दिवा उशिरा विझतो. फिल्टर नवा आहे आणि ही खडखड आत्ताच सुरू झाली असेल, तर आधी फिल्टरकडे बोट दाखवावं, मग इंजिनकडे.

सूक्ष्म गाळण्याने खरंच फरक पडतो का? जनरल मोटर्समधल्या अभियंत्यांनी 1988 साली याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांत डेट्रॉइट डिझेलचं जड इंजिनही होतं. 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्म्यावर आणली, 15 मायक्रॉनच्याने सत्तर टक्क्यांनी कमी केली. या चाचण्यांत तेलात मुद्दाम धूळ सोडलेली होती, हे लक्षात ठेवायला हवं; शहरातल्या गाडीला इतका लाभ दिसणार नाही. थ्रेशरला जोडलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. मात्र डब्यावर नुसतं ‘20 मायक्रॉन’ छापलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. त्या मापाचे कण किती टक्के अडतात हेही सांगायला हवं. हे मोजायची आयएसओ 4548-12 नावाची चाचणी आहे आणि जो उत्पादक तिचा आकडा उघड सांगतो त्याच्यावर माझा भरवसा जास्त.

आता ते चार प्रकार. पहिला, ट्रॅक्टर कंपनीच्या नावाच्या डब्यातला. ट्रॅक्टर कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. दुसरा, त्या पुरवठादारांनीच आपल्या नावाने विकलेला. पुण्याची फ्लीटगार्ड, फरिदाबादची एलोफिक, आनंद समूहाने भारतात आणलेलं पुरोलेटर, बॉश ही या धंद्यातली जुनी, माहितीतली नावं. तिसरा, कुठल्याशा छोट्या कारखान्याने आपल्याच नावाने काढलेला. यात बरा मालही असतो, पण कोणती खेप बरी निघेल याची हमी नाही. चौथा, पहिल्या दोघांचे कपडे घातलेला डुप्लिकेट.

स्वस्त आणि भरवशाचा हवा असेल तर माझं उत्तर दुसरा प्रकार. तो पहिल्यापेक्षा कमी किमतीत मिळतो आणि त्यामागे उभा राहणारा उत्पादक असतो. वॉरंटी चालू असेल तोवर मात्र पहिलाच घ्यावा, वाद नको. तिसऱ्यावर जाऊ नये, कारण हिशेब सोपा आहे. मध्यम ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये सहा-सात लिटर मोबिल लागतं, म्हणजे दोन हजार रुपये गेलेच. त्यावर शंभर रुपये वाचवून नवं तेल संशयाच्या डब्यातून फिरवायचं, आणि पुढे क्रँक, शेल, लायनर असं काम निघालं तर खर्च सहज चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो.

चौथ्याचा त्रास असा की तो महाग डब्यातही असू शकतो. नक्कल करणारा अनोळखी नावाची नक्कल करत नाही. ज्याला खप आहे त्याचीच करतो. त्यामुळे जास्त पैसे मोजले म्हणजे खात्री झाली असं होत नाही. डबा नीट वाचावा. 2011च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, निर्मितीचं महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे. फिल्टरच्या अंगावरचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच हवा. आटे बोटाने चाचपावेत. धातूचा कीस लागला तर तिथूनच परत. क्यूआर कोड असेल तर दुकानातच मोबाइलने तपासावा. आणि पक्कं बिल घ्यावं. बिल नाही म्हणणाऱ्या दुकानदाराने अर्धं उत्तर देऊन टाकलेलं असतं. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात बनावट माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, पण बिलाशिवाय तक्रारीला पाय नसतात. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

दुचाकीवाल्यांसाठी एक खुलासा. रस्त्यांवर इतक्या संख्येने दिसणाऱ्या जुन्या स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतोच. तिच्यात एक धातूची जाळी आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा गाळक असतो, जड घाण फिरण्याच्या जोराने त्याच्या कडेला चिकटते. तिच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ऑइल फिल्टरचे पैसे लावलेले दिसले तर तो कुठे बसवला हे प्रेमाने विचारावं. पल्सर, बुलेट यांना तो असतो.

चांगला फिल्टर घेऊन तो वेळेत बदलला नाही तर सगळं फुकट. पुष्कळ ट्रॅक्टरांना पहिली बदली 50 तासांनी आणि मग दर 250 तासांनी सांगितलेली असते. आपल्या पुस्तिकेत काय आहे ते पाहावं. महागडा फिल्टर पाचशे तास ओढण्यापेक्षा मध्यम किमतीचा अडीचशेला बदललेला बरा. तासांचं मीटर बंद पडलेलं असेल, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांवर ते पडलेलंच असतं, तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं. जुनी यांत्रिक मीटरं इंजिनच्या फेऱ्यांवर चालतात, म्हणजे कमी आरपीएमवर घड्याळाचा एक तास मीटरवर पुरा तास भरत नाही. काहीजण कागदी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवतात. कागदाच्या पोटात रुतलेले कण त्याने निघत नाहीत, उलट गाळलेल्या बाजूला घाण पोचायची भीती. हे पूर्ण टाळावं.

एअर क्लीनरकडे दुर्लक्ष करून ऑइल फिल्टरवर खर्च करणं हा उलटा कारभार आहे. इंजिनात धूळ शिरते ती मुख्यतः हवेच्या वाटेने. चुरणीच्या दिवसांत ऑइल बाथची वाटी रोज उघडून पाहावी, तळाशी चिखल दिसला की तेल बदलावं. कोरडा एअर फिल्टर असेल तर त्याचे पाइप आणि क्लिपा तपासाव्यात. एका ढिल्या क्लिपने जेवढी धूळ आत जाते तेवढी कोणताही ऑइल फिल्टर वेळेत आवरू शकत नाही.

बसवताना जुन्या फिल्टरचा वायसर इंजिनला चिकटून राहिला नाही ना हे बोटाने बघावं. दोन वायसर एकावर एक आले की काही मिनिटांत सगळं मोबिल जमिनीवर. नव्या वायसरला तेलाचं बोट लावायचं, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पट्टापाना फक्त काढण्यासाठी. पेचकस आरपार ठोकून फिल्टर फिरवायची जुनी रीत मिस्त्रींच्या हाताला बसलेली आहे. पत्रा फाटला आणि बैठक तशीच राहिली तर छिन्नीने काढण्यात अर्धा दिवस जातो. नव्या डब्यावर मार्करने तारीख आणि मीटरचे तास लिहून घ्यावेत. जुना डबा रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा, त्यातलं तेल कॅनमध्ये साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावं. ते धुऱ्यावर किंवा बांधीत ओतायचं नाही.